सड्यावरचा कौल

।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

उंबरसडा खाण, कंपनी क्वार्टर
ता. १८ मार्च १९७९

लालबीस,

आशीर्वाद लिहू की सलाम, यातच बराच वेळ गेला. तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून आशीर्वादच लिहिते. रागात असलीस तरी तो ठेवून घे. शहाजादी, तू आईला पत्र सावकाश वाचून दाखव आणि मधल्या ओळी गाळू नकोस. तुझ्या मामांच्या, बाबालालच्या, शाहूपुरीतल्या गाद्यांच्या दुकानाचा पत्ता लागवडीवरच्या केरबाने दिला. तो बरोबर असेल असं धरून चालते.

आम्ही सगळे ठीक आहोत. कपिला व्याली, खोंड झाला. ह्यांचा खोकला बसला. मुकादमाने ओरडल्याशिवाय लागवडीचं काम होत नाही, त्यामुळे घसा मात्र तसाच आहे.

झाडं बरी आहेत. गेल्या मृगाला आपण खाणीच्या ढिगाऱ्यावर बाराशे चाळीस रोपं लावली, तेव्हा गावाने आपल्याला वेड्यात काढलं होतं. बॉक्साइट नेल्यावर मागे उरलेला नुसता लाल मुरूम, त्यात गवताचं पातं धरत नाही आणि या दोघी तिथे करंज नि जांभूळ लावतात! तू प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर लेंडीखत टाकत होतीस, मी वहीत ओळ नि नंबर मांडत होते. आता जाकाईच्या कृपेने सगळं सुरळीत आहे. शेळीचा एक खूर सड्याच्या पठारावर उमटत नाही. हेड ऑफिसचे साहेब येऊन गेले. ह्यांना म्हणाले, "मुकादम, राखणदाराचा पगार वाचवलात. देवीलाच कामाला लावलंत!" हे घरी येऊन दोनदा सांगत होते.

तू माघात शेळ्या विकून गेलीस. मी दारात उभी होते, तू कुंपणाकडच्या वाटेने गेलीस. घाईत असशील.

एक सहज विचारायचं होतं. मार्गशीर्षात आपण जाकाईच्या देवळात गेलो, सडा देवीच्या नावे करायचा का म्हणून गुंडू गुरवाने कौल लावला, तेव्हा तू उंबऱ्याबाहेर माझी तेलाची बाटली धरून उभी होतीस. देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवलेली होकाराची पाकळी पडली तेव्हा माझा पदर कुठे होता, तुला आठवतं का? घाई नाही. आठवलं तर दोन ओळी लिहायला सांग.

अक्का (हौसाबाई)

*

ता. ३१ मार्च १९७९

लालबीस आशीर्वाद.

पोस्टमन कृष्णात मंगळवारी नि शनिवारी वर येतो. चार वेळा आला, तुझं पत्र नाही. आज म्हणाला, "आक्का, मी काय पत्रं खातोय व्हय? आलं की देतो की." आता मला तोंड दाखवायची लाज वाटते.

परवा पाडवा झाला. गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला. नव्या वर्षाच्या पहिल्या पत्रात खोटं नको. झाडं बरी आहेत असं मी लिहिलं होतं, ते खरं नाही. संक्रांतीला आठशे साठ जिवंत होती. काल मोजली तर सातशे एकतीस.

पावसात मऊ झालेला मुरूम आता सिमेंटसारखा थापला गेलाय. घागर ओतली की पाणी मुळाशी न जाता उतारावरून पळतं. आळी टिकावाने फोडून मोकळी करायला हवीत. हे मला कळतं, ह्यांना कळतं, केरबाला तर माझ्याआधी कळलं. पण देवीच्या रानात लोखंड लावायचं नाही. कौल मिळाल्यावर गुंडूने चार कोपऱ्यांत चार दगड मांडून शेंदूर लावला, तेव्हा त्याने हे काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही, गावाला ठाऊकच असतं. लोखंड नाही, पायात चप्पल नाही, बाहेरच्या असलेल्या बाईने चार दिवस पाऊल टाकायचं नाही. मी शहरात, मंगळवार पेठेत वाढलेली, मला देऊळ कळतं, देवाचं रान कळत नाही. मी फक्त शेळ्यांचा विचार केला होता.

पाणी घालणाऱ्या बारा बायका. रोज तीन-चार घरी बसतात. उरलेल्या अनवाणी येतात आणि आठ वाजले की घागरी उपड्या करून जातात. मी धोंडुबाईला म्हटलं, अजून दोन ओळी तरी करा. ती म्हणाली, "आक्का, तुमी ह्या मुरमावर अनवाणी पाय ठेवून बघा आणि मग मला देवीचं नाव सांगा." ठेवून बघितला.

मृगाला साहेब मोजायला येणार आहेत. निम्म्याच्या खाली, म्हणजे सहाशे वीसच्या खाली गेली तर लागवड बंद, उरलेले ढिगारे आहेत तसे सोडणार. तसे सोडले की काय होतं, ते चिमणाबाईच्या खाचरात तू बघितलंस. दोन पावसाळे भाताच्या जागी लाल चिखल उभा होता. तिच्या खालची सात खाचरं आता त्याच वाटेवर आहेत.

म्हणून पदराचं विचारलं होतं. सहज नव्हतं विचारलं.

झालं असं की कापूर पेटला, धूर माझ्या डोळ्यांत गेला आणि मी पदराने वारा घेतला. पदर मूर्तीपासून हातभर लांब होता की वीतभर, मला आठवत नाही. रोज पूजेला बसले की आठवायला बघते आणि रोज वेगळंच आठवतं. एकदा वाटतं, पाकळी आधी पडली, मग पदर हलला. एकदा वाटतं, उलट. आईने पाकळी सोडली असेल तर तिचा नियम मी कोण मोडणार? आणि माझ्या पदराने सोडली असेल तर चार महिने मी देवीचं नाव पुढे करून झाडं मारतेय. गुंडूचे डोळे मिटलेले होते. हे बाहेर विडी ओढत होते. समोर होतीस ती तूच एकटी.

गुंडूला आडून विचारलं, एकदा देवीला दिलेलं परत मागता येतं का? तो म्हणाला, "देवीचं झालं म्हंजे झालं. परत मागाय ते काय उसनं पीठ हाय व्हय?"

उत्तर लिही. रागाने लिहिलंस तरी चालेल.

अक्का

*

ता. १५ एप्रिल १९७९

लालबीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. शहाजादीचं अक्षर वळणदार आहे. तू बोललीस तसंच्या तसं तिने लिहिलं, हे तर फारच छान, कारण वाचताना तू पुढ्यात कमरेवर हात ठेवून उभी होतीस.

तुझी वाक्यं मी इथे पुन्हा उतरवते. वाचून मला नीट कळली नाहीत, लिहून कळतात का बघते. "आक्का, पाकळी पडली तवा माझं ध्यान शेळ्यांकडं हुतं. खालनं खाणीचा ट्रक येत हुता. तुमची देवी, तुमचा पदर आणि साक्ष माझी व्हय? माझ्या शेळ्यांनी झाडं खाल्ली म्हणून वहीत लिवलासा, तवा मला कुणी साक्ष इचारली?"

म्हणजे तू बघितलंच नाहीस. मी पंधरा दिवस देवापुढे दिवा लावून म्हणत होते, लालबीला सगळं दिसलं असेल. आणि तू ट्रककडे बघत होतीस! वाचून आधी हसू आलं, मग रडू आलं. हे म्हणाले, "तुझं नक्की काय चाललंय?" मी म्हटलं, मलाच कळलं तर सांगते.

आता दुसऱ्या गोष्टीचं. त्याला उत्तर मलाच द्यायला हवं.

कार्तिकात एका रात्रीत एकशे बारा रोपं गेली. सकाळी मी वही घेऊन फिरले. तीन ठिकाणी शेण पडलं होतं. लेंडी एकही नव्हती. शेळी शेंडा खुडते, गाय जिभेचा वेढा घालून ओढते आणि कोवळं रोप मुळासकट वर येतं. हे तूच मला शिकवलेलं. रोपं मुळासकट पडली होती. आणि कपिला आदल्या संध्याकाळी दावं तोडून गेली होती, ती पहाटे स्वतःच गोठ्यात आली. तिच्या खुरांना लाल मुरूम होता. तो मी धुतला.

वहीत मी 'शेळ्या' लिहिलं. गाईचं नाव लिहायला हात उठला नाही. का उठला नाही, हे पाच महिने झाले तरी मला उमगत नाही. गाय म्हणून, की आमची म्हणून? ह्यांनाही सांगितलं नाही. पुढे मार्गशीर्षापर्यंत शेळ्याही आल्या, हे खरं. गावातल्या सगळ्यांच्या आल्या, तुझ्याही दोन आल्या. पण गावाने वहीतलं पहिलं पान धरलं. शेळ्या म्हणजे लालबीच्या, कारण चौदा शेळ्या गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. आणि त्या एका शब्दावरून मी देवीकडे कौल मागायला गेले, तुलाच बरोबर घेऊन.

हे कागदावर आलं. आता शहाजादीने वाचलं, तू ऐकलंस. माफ कर असं लिहिणार होते. पण ते इतकं छोटं दिसलं की खोडलं.

जोतिबाच्या यात्रेला निम्म्या बायका गेल्या, चार दिवस पाणी नाही. सहाशे शहाण्णव.

अक्का

*

ता. २९ एप्रिल १९७९

लालबीस,

या खेपेला तुझं पत्र नाही, तरी मी लिहितेय. दुसऱ्या कुणाला लिहू? ह्यांना सांगायला गेलं की ऐकायच्या आधी चपला घालून बाहेर पडतात.

केरबाने खैराचा खुंटा तासून आणला. म्हणाला, लोखंड नको तर लाकूड चालेल की. दोन आळी फोडली, तिसऱ्याला खुंट्याचं टोक चेचून कुंच्यासारखं झालं. त्याने तो माझ्या दारात आणून टाकला. "घ्या, अंगण झाडायला व्हईल."

मग मी गुंडूच्या मागे लागून परत कौल लावायला सांगितला. या वेळी पदर कमरेला घट्ट खोचला, कापूर लावू दिला नाही, दारापाशी धोंडुबाईला उभं केलं आणि तिला बजावलं की पाकळीवरून नजर हलवायची नाही. मी स्वतः खांबाला टेकून श्वाससुद्धा तोंड बाजूला करून घेत होते. गुंडूने गाऱ्हाणं घातलं, "आई, सड्यावर लोखंड लावू द्यायचं असंल तर उजवी दे, न्हाईतर डावी दे." किती वेळ गेला देव जाणे. माझे पाय भरून आले. आणि लालबी, दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

आधी कुठली, मी धोंडुबाईला विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही संगटच. मी डोळं फाडून बघतोय की." गुंडू तर घाबराच झाला. "माझ्या बाच्या हयातीत असं झालं न्हाई. आक्का, तुमी आता घरी जावा. देवीला लई इचारू नये."

याचा अर्थ काय घ्यायचा? लाव आणि लावू नको? का तुझं तू बघ? का पाकळ्यांना पाणी कमी लागलं होतं, एवढंच? मी अंबाबाईला लहानपणापासून मंगळवारी नि शुक्रवारी जात आले. काही मागितलं आणि मिळालं नाही, तरी नाही म्हणाली हे कळायचं. हो आणि नाही एकाच वेळी म्हणालेली देवी मी कधी बघितली नव्हती.

ह्यांना आज सगळं सांगितलं. गाईचंही. हे गोठ्यात जाऊन कपिलेकडे बघून आले. मग म्हणाले, "आता गप बस. साहेबांना उन्हाळा कडक होता म्हणून सांगू." मी म्हटलं, आणि चिमणाबाईच्या खाचराला काय सांगू? त्यावर चपला.

सहाशे अडुसष्ट. रोज दोन-दोन जातात. मृगाला एकोणचाळीस-चाळीस दिवस आहेत. भागाकार मी करून बघितला, तू करू नकोस.

मी काही ठरवलंय की नाही, माझं मलाच कळत नाही. पण स्टोअरमधला टिकाव काल मागच्या दारी आणून ठेवलाय आणि त्याच्यावर पोतं टाकलंय. कुणी विचारलं तर अळूच्या वाफ्यासाठी आणलाय.

अक्का

*

ता. ९ मे १९७९

लालबीस,

अक्षर वाकडं आहे. निजून लिहितेय.

शुक्रवारी सकाळी देवळापुढे पाणी न्यायला जमलेल्या बायका, गुंडू, केरबा, अजून पंधरा-वीस माणसं होती. मी टिकाव खांद्यावर घेऊन गेले. मुकादमाची बायको टिकाव घेऊन येते म्हणजे कुणाचं डोकं फुटणार, असं वाटून पोरं मागे सरकली. मी म्हटलं, "मार्गशीर्षातला कौल आईने दिला की माझ्या पदराने पाडला, मला माहीत नाही. लालबीला विचारलं, तिलाही माहीत नाही. दुसऱ्या कौलाचं तुम्ही ऐकलंच आहे. पण वहीत मी शेळ्या लिहिलं ते खोटं होतं, हे मला माहीत आहे. ती गाय होती आणि ती आमची होती. आता पहिला घाव मी घालते. जे व्हायचं ते मला होऊ दे."

मग चिमणाबाई म्हणाली, "म्हंजे लालबी गेली आणि कपिला व्याली. बरा न्याय हाय की!" दोघी-तिघी हसल्या. मी हसले नाही, पण वाईटही वाटलं नाही. पाच महिन्यांत मला कुणी खरं बोललेलं ते पहिलंच.

शेंदराच्या दगडांच्या आत मी चपला घालून गेले. एकदा काढल्या होत्या, परत घातल्या. पहिला घाव मुरमावरून उडून माझ्याच नडगीला लागता लागता राहिला. दुसऱ्याला ठिणगी पडली. तिसऱ्याला मुरूम फुटला. खाली ओल नव्हती, पण माती होती. तुझ्या लेंडीखताची काळी माती, मुठीएवढी, आणि तिच्यातून जांभळाचं मूळ आडवं निघालं होतं. मी बोटाने झाकलं. सगळे दगडांच्या पलीकडे उभे. आत कुणी आलं नाही. अकरापर्यंत मी सात आळी केली आणि मग डोळ्यांपुढे अंधारी आली.

संध्याकाळी ताप भरला. रात्री हे डोक्यावर पट्ट्या ठेवत होते आणि सारखं म्हणत होते, "सांगितलं होतं, सांगितलं होतं." काय सांगितलं होतं ते काही आठवेना. सकाळपर्यंत गावभर झालं, आक्कावर आई कोपली.

उन्हाचा ताप होता की आईचा? मला अजून सांगता येत नाही. दोन्ही पाकळ्यांसारखंच.

पण शनिवारी दुपारी धोंडुबाई आली. माझ्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला लावला, मग पोटरीला. जत्रेत म्हैस बघतात तसं बघितलं आणि म्हणाली, "चांगलाच हाय की ओ ताप!"

मी म्हटलं, "बाई, तुला आनंद झाला?"

"तसं न्हवं. समदा कोप तुमच्यावरच आलाय न्हवं? थोडा हिकडं थोडा तिकडं, असं न्हाई न्हवं?"

"मला एकटीलाच ताप आहे."

"मग आमी तेवढ्यात उरकून घेतो. तुमी पडून ऱ्हावा. उठायची घाई करू नगासा."

रविवारपासून बाराच्या बारा जणी आणि केरबा टिकाव घेऊन सड्यावर आहेत. चपला घालून. ज्या बाहेरच्या आहेत त्यासुद्धा. गुंडू मध्येच येऊन बघून जातो, नको म्हणत नाही, हो म्हणत नाही. रोज ऐंशी आळी होतात. पाणी आता मुळाशी मुरतं आणि आळ्यात ओल टिकते, असं केरबा खिडकीतून सांगून गेला. त्याने मोजली. सहाशे पंचावन्न आहेत, रविवारपासून एकही गेलेलं नाही.

त्यांना लेंडीखत हवंय. बिद्रीच्या साखर कारखान्याची मळी खताला आणू असं हे म्हणाले, तर धोंडुबाई म्हणाली, "त्यापरास शेळ्या घेऊन परत ये म्हणून लालबीला इचारा की." मी म्हटलं, मी विचारणार नाही. मला तो हक्क नाही. धोंडुबाईनेच तुला विचारलं तर बघ. तेव्हा तिच्या नावाने पत्र आलं तर ते माझ्या सांगण्यावरून आलं असं समजू नकोस, आणि यायचं नसेल तर येऊ नकोस. शेळ्या लिहिलेलं पान मी खोडलं नाही. त्याच्याखाली 'गाय, आमची' असं लिहून सही केली आणि वही कचेरीत ठेवायला दिली.

आता जे लिहिते ते फक्त तुला. शहाजादी, तू वाच, पण मामांना सांगू नकोस.

माझा ताप काल पहाटे उतरला. घाम आला, अंग गार पडलं, भूकही लागली. मी उठून बसले, देवापुढे हात जोडले आणि तेवढ्यात सड्यावरून टिकावांचे आवाज सुरू झाले. मग माझ्या मनात आलं, ताप उतरला असं कळलं तर कोप आता कुणाकडे गेला, असं म्हणून त्या बारा जणी हातातले टिकाव टाकतील. मी परत आडवी झाले आणि घोंगडी घेतली. धोंडुबाई दुपारी आली तेव्हा कपाळाला गरम पाण्याची पट्टी लावून ठेवली होती. तिने हात लावला आणि समाधानाने गेली. ह्यांना कळलंय, पण काल पहिल्यांदाच चपला न घालता खाटेपाशी बसले आणि कण्हायचं कसं ते मला करून दाखवलं.

हे पाप की काय, मला ठाऊक नाही. आधी देवीच्या नावाने बोलले, आता तिच्या रागाच्या नावाने निजलेय. कुणाला विचारावं तर पाकळ्या दोन्ही पडतात.

अजून चारशे आठ आळी राहिली आहेत. तोपर्यंत मला ताप आहे.

तुझी,
हौसाबाई